करवतीवर कान

टॅनर्स मार्श, टास्मानिया
२ मार्च

केरिन,

हे पत्र तुझ्या आणि तुझ्या बाबांच्या भांडणाबद्दल नाही, तेव्हा पुढे वाचायला हरकत नाही. मला एका व्यवहारातल्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे आणि माझ्या ओळखीत ते देण्याच्या लायकीची तू एकटीच आहेस. बाकीचे सगळे पुरुष आहेत. त्यांना विचारलं की ते आपापल्या यंत्राची बढाई सुरू करतात.

प्रश्न असा. दोन माणसांच्या घराला, जिथे एकच शेगडी पेटते, सरपणासाठी चेनसॉ लागतेच का?

मी माझ्या परीने विचार केला आहे. जाड ओंडके सोडले तर बाकीचं हातकरवतीने कापता येतं. फोडायला कुऱ्हाड आहे, पाचर आहे. उरलेलं जळण विकत मिळतं, दारात आणून टाकतात. चेनसॉला तेल पाजावं लागतं, तिच्या साखळीला कानस मारत बसावं लागतं, आणि वर्षातले मोजके आठवडे सोडले तर ती शेडमध्ये पडून असते. शाळेत विज्ञान शिकवताना मी मुलांना सांगायचे की अवजार कामाच्या मापाचं असावं. आमचं काम आता लहान झालं आहे.

तुझ्या बाबांचं म्हणणं तुला ठाऊक आहे. ज्या घरात लाकूड विकत येतं त्या घरात पुरुष उरलेला नाही. "वॉलीच्या आईकडे यायचं विकत. पण ती बिचारी विधवा होती," हे त्यांचं एकमेव प्रमाण. आणि यंदा सरपणाची छपरी अर्धीच भरली आहे, हिवाळा तर ठरल्या वेळी येणार. तेव्हा त्यांना वॉलीच्या माळावरचं झाड कापायचं आहे. मोठं स्ट्रिंगीबार्क निलगिरीचं झाड, मागेच वादळात पडलेलं, आता खडखडीत वाळलं आहे. वॉलीचं खुब्याचं हाड बसवल्यापासून तो दोन काठ्यांवर चालतो, म्हणजे त्यांचा नेहमीचा जोडीदारही सोबतीला नाही.

आम्ही दोघं बरे आहोत. मी हे भीतीपोटी विचारते आहे असं समजू नकोस. परवा बाबांच्या हातून चहाचा कप निसटला, एवढंच. तो जुनाच होता.

तुझी ती नारिंगी विजार अजून शेडमध्ये आहे, तू अडकवलीस त्याच खिळ्यावर. मागे एकदा मी बाबांना विचारलं, पार्सलने पाठवू का, तर म्हणाले, "लोंबू दे. कोळ्यांचा संसार लागलाय तिथे." या उन्हाळ्यात त्यांनी तिच्यावर आपला जुना पावसाळी कोट अडकवला आहे. अजूनही ती डोळ्यांसमोर नको असावी. नऊ वर्षं झाली. माणसाने हट्टी किती असावं याला काही माप?

उत्तर शेजारी डॉटच्या पत्त्यावर पाठव. फोन नको. फोन स्वयंपाकघरात आहे आणि हल्ली बाबाही बराच वेळ तिथेच बसलेले असतात.

आई


१९ मार्च

केरिन,

कार्ड मिळालं. डॉटने ते वाचूनच माझ्या हातात दिलं आणि वाचल्याचं लपवलंही नाही. "दोन ओळी! ग्लेनिस, ही पोरगी तुझ्यावर गेलीय गं. उरलेली जागा काय पाखरांसाठी ठेवलीय?" म्हणाली.

तुझ्या दोन ओळी मला पाठ झाल्या आहेत. "करवत कुणाच्या हातात आहे त्यावर ते ठरतं. काय झालंय ते लिही."

लिहिते. हे कुणाला सांगणार नाही असा मी शब्द दिला आहे. म्हणून मी सांगत नाही, लिहिते आहे. यात फरक आहे असं मी ठरवलं आहे.

बाबा मधूनच निघून जातात. दुसरा शब्द मला सापडलेला नाही. पहिल्यांदा झालं ते जेवणाच्या टेबलावर. मटण कापत होते, वॉलीच्या कुत्र्याची काहीतरी गंमत सांगत होते आणि वाक्याच्या मध्येच थांबले. सुरी हातात, डोळे उघडे, पण आत कुणी नव्हतं. मी हाका मारल्या. मग ते परत आले आणि म्हणाले, "मीठ दे." गोष्ट कुठे राहिली ते त्यांना सांगता येईना. आपण गोष्ट सांगत होतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

कप पडला ती दुसरी खेप.

तिसरी मी खिडकीतून पाहिली. ते आवारात ओंडक्यापाशी उभे होते, हातात चालू चेनसॉ, आणि तिच्या पात्याचं टोक हळूहळू खाली, त्यांच्या गुडघ्याकडे येत होतं. मी धावले. मी पोचले तोवर ते परत आले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय गं, घर पेटलं का?"

त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. ते हातमोज्याचं एक बोट ओढत ऐकत बसले.

"डॉक्टरीणबाईंना कळलं तर आधी गाडी काढून घेतील," म्हणाले. "मग करवत. मग मी काय करू? तुझ्यासमोर बसून मटार सोलू?"

"मटार सोलताना कुणाचा पाय तुटत नाही, ॲथॉल."

"जीव जातो ना पण. कंटाळून."

मला हसू आलं आणि तिथेच मी हरले. शब्द दिला.

आता तू विचारशील की आजवर गप्प कशी राहिलीस. गप्प नव्हते, कान ठेवून होते. खोऱ्यातला नियम तू जाणतेस. एकट्याने लाकूड कापायचं नाही आणि कापायचंच झालं तर घरातल्या बाईने करवतीवर कान ठेवायचा. मी कॉलेज संपवून, लग्न करून इथे आले तेव्हा डॉटनेच मला हे शिकवलं. "पदवी मिळाली ना? आता हे पाठ कर," म्हणाली होती. पूर्ण गळ्याने ओरडते आहे, म्हणजे कापतो आहे. टकटक करते आहे, म्हणजे ओंडका सरकवतो आहे. गप्प झाली, म्हणजे चहा ठेवायचा. आणि टकटक नुसतीच चालू राहिली, चालूच राहिली, तर करवत आहे आणि माणूस नाही. मग पायात काही घालत बसायचं नाही. पळायचं.

तू त्यांच्याबरोबर जायचीस तेव्हा मी खुशाल रेडिओ लावायचे. आता तो बंद असतो. हल्ली फ्रिजने टकटक केली तरी मी ओल्या हातांनी दाराशी पोचलेली असते.

तुमच्या भांडणाबद्दल लिहिणार नव्हते, पण आता लिहावं लागतं. त्या दिवशी वॉलीच्या माळावर तू चुकलीस की ते, हे मला आजही सांगता येत नाही. तू शहरातून झाडं कापायचं शिकून आली होतीस. अंगावर ती विजार, आत जाड अस्तर भरलेली, साखळी पायावर आली तरी पाय वाचवणारी. सगळं खोरं बघत होतं. बाबा झाडाला मागचा काप घेत होते आणि तू म्हणालीस, "बाबा, काप खाली येतोय. झाड उभं चिरेल. आणि कापायच्या आधी पाय झाकत जा." कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसणं नसतं तर बाबांनी ऐकलंही असतं. पण त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "माझ्या लाकडावर ऊब घेऊन मोठी झालीस आणि मलाच शिकवतेस? मग माझ्या शेगडीपाशी बसू नकोस." झाड सरळ पडलं, हे तुमच्या दोघांचं दुर्दैव. संध्याकाळी तू विजार खिळ्याला अडकवलीस, "ही त्यांच्यासाठी ठेवतेय," म्हणालीस आणि गेलीस.

आता तू त्यांना लिही. माझं ऐकून ते हसतात. तुझ्यावर निदान चिडतील, आणि चिडलेला माणूस विचार करतो.

आई


५ एप्रिल

केरिन,

"मी त्यांना एकदा सांगितलं होतं. डॉक्टरांना कळव. करवत काढून घे." हे तुझं दुसरं कार्ड. वा. तू घरबसल्या झाडं पाडतेस. काढून घेण्याचा प्रयोग मी केला, तो कसा झाला ते वाच.

आधी मी सरळ मार्गाने गेले. गावाबाहेरच्या एका माणसाला फोन करून गाडीभर जळण मागवलं. छपरी भरली की माळावर जायचं कारणच उरणार नाही, असा माझा हिशेब. बाबा मेंढ्या बघायला वरच्या कुंपणाकडे गेले असताना गाडी येऊन, दारात ढीग ओतून गेलीसुद्धा. पहिलं ढलपं उचलतानाच मला कळलं. ओलं. सालीखाली अजून गार लागत होतं. असं लाकूड शेगडीत घातलं तर नुसतं रडतं आणि धुरांडं काळं करतं. यंदाच्या हिवाळ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

बाबा आले. दोन ढलपी उचलून एकमेकांवर आपटली. वाळकं लाकूड टणकन वाजतं. हे थड वाजलं.

"हे काय आहे?"

"जळण."

"हे जळण नाही, ग्लेनिस. ही भाजी आहे."

कुंपणापलीकडे डॉट कपडे वाळत घालत होती. ती कशाला गप्प बसते? "शिजायला किती वेळ लागेल रे, ॲथॉल?"

"पुढच्या वर्षी ये जेवायला!"

दोघंही हसले. मला वाटलं, आता ओरडतील, दाराला लाथ मारतील. तसं काही नाही. ते शांतपणे शेडमध्ये गेले आणि थोड्या वेळाने मला कानशीचा आवाज ऐकू आला. साखळीच्या एकेका दातावर, सावकाश. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी ज्या कामापासून त्यांना अडवायला गेले, त्याचंच निमित्त मी दारात ओतून घेतलं होतं.

मग मी वाकड्या मार्गाने गेले. चेनसॉचा स्पार्क प्लग काढला, त्याच्याशिवाय ती चालू होत नाही, आणि पिठाच्या डब्यात खोल पुरला. त्याच सकाळी त्यांनी शेड उलटीपालटी केली. मग दारात उभे राहिले.

"प्लग पाहिलास का गं?"

"कसला प्लग?"

मुलांच्या डोळ्यांत बघून खोटं ओळखण्यात माझा सगळा जन्म गेला आणि मी हे असं म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या बाहीकडे. तिला कोपरापर्यंत पीठ होतं. गाडी घेऊन गावात गेले, नवा प्लग आणला, आणि त्याच्या जोडीला आणखी एक. तो जादाचा शर्टाच्या खिशात टाकून वरून थोपटला.

"पीठ चाळून घे," म्हणाले. "त्यात काहीतरी पडलंय."

त्यांनी गाडी चालवली, धरणाच्या कडेच्या त्या वळणांवरून, हे माझ्या लक्षात ते परत आल्यावर आलं.

डॉक्टरीणबाईंना मी फोन केला. तिथल्या मुलीने "कोण बोलतंय?" विचारलं आणि मी ठेवून दिला. तुला हे कळणार नाही. आमच्या लग्नात मी त्यांना दिलेला आणि मोडलेला असा एकही शब्द नाही. मला तो पहिला मोडायचा नाही. आणि ते मला ओंडक्याशेजारी पडलेले सापडायलाही नकोत. दिवसभर मी या दोन वाक्यांच्या मध्ये फिरत असते. भांडी घासते तेव्हाही, अंथरुणं घालते तेव्हाही.

ईस्टर झालं की ते माळावर जाणार. मी ठरवलं आहे, मीही जाणार.

आई


वॉलीचा माळ, गाडीत बसून
२१ एप्रिल

केरिन,

अक्षर वाकडं येईल. कागद गुडघ्यावर आहे आणि बोटं गारठली आहेत. डोंगरावर काल पहिलं बर्फ पडलं.

मी बरोबर येणार म्हटल्यावर बाबा म्हणाले, "बायकोला घेऊन कुणी लाकडाला जातं का? वॉलीला आयुष्यभर पुरेल एवढी थट्टा होईल."

मी म्हटलं, "होऊ दे. त्याला बिचाऱ्याला दुसरी करमणूक काय आहे?"

शेवटी असा तह झाला की मी यायचं, पण गाडी वळणाच्या अलीकडे, नेच्यांच्या घळीपाशी उभी करायची. "डोळ्यांसमोर बसू नकोस. कुणी बघत असलं की माझा हात अवघडतो." म्हणजे मला ते दिसत नाहीत. ऐकू येतात. माझं काम तेच आहे म्हणा.

निघताना ते खालून जरा जाड दिसत होते. दोन विजारी चढवल्यात का, विचारलं, तर म्हणाले, "थंडी आहे." आणि भराभर पुढे चालायला लागले. पूर्वी त्यांना थंडी वाजत नसे.

चालू झाली. पहिल्याच ओढीला. त्यांना आनंद झाला असेल.

कापताहेत. आवाज चांगला भरलेला आहे, लाकूड वाळकं आहे हे इथूनही कळतं.

टकटक. ओंडका सरकवताहेत.

टकटक.

पुन्हा कापायला लागले. हे असं सकाळपासून चाललं आहे. काहीतरी लिहीत राहिलं की बरं वाटतं, म्हणून लिहिते. बटाटे काढले. यंदा मोठे आले, पण काहींच्या पोटात पोकळी आहे, उन्हाळ्यात पाणी मागेपुढे झालं की असं होतं. डॉटला एक पोतं दिलं, तर तिने उलटून विचारलं, "यात प्लग नाही ना?" म्हणजे बाबांनी सांगितलं तिला. सगळ्या खोऱ्याला सांगितलं असणार. मला लाज वाटली नाही. त्यांनी ती गोष्ट रंगवून सांगितली, मध्येच न थांबता, शेवटपर्यंत, याचाच मला आनंद झाला. बघ, कशाकशाचा आनंद व्हायला लागला आहे.

करंवाँग पक्षी खाली उतरले आहेत, घळीत ओरडताहेत. त्यांच्यामुळे ऐकायला त्रास होतो. मी काच खाली केली आहे.

गप्प झाली. चला. चहाची वेळ. थर्मास आणला आहे आणि आल्याचा केक, ते आता येतीलच. त्यांना केक दिसला की ते आधी म्हणतात, भूक नाही, आणि मग उभ्याउभ्या दोन तुकडे खातात. तेवढ्यात बटाट्यांचं पुरं करते. पोकळ निघाले ते मी वेगळे ठेवले आहेत, सूपाला होतील.

अजून आले नाहीत. साखळीला ताण देत असतील.

पक्षीही गप्प झाले.

केरिन, बंद करायच्या आधी ते नेहमी तिला जरा टकटकू देतात. मग बंद करतात. या वेळी टकटक झाली का? मी लिहीत होते. मला आठव


२४ एप्रिल

केरिन,

आधी हे वाच. बाबा जिवंत आहेत आणि त्यांचे दोन्ही पाय जागेवर आहेत.

सोबतचं अर्धवट पत्र मी फाडणार होते. पण त्यात काय घडत होतं ते माझ्यापेक्षा तुला लवकर कळेल, म्हणून तसंच पाठवते. मी सूपाचे बटाटे लिहीत होते तेव्हा बाबा ओंडक्यापाशी पडलेले होते. गप्प झाली म्हणजे चहा. एवढी वर्षं माझ्या कानाला हेच वळण. गप्प झाली आणि मी कान काढून घेतला.

वळणावरून मी कशी धावले ते मला आठवत नाही. माझा एक बूट डॉटला नंतर नेच्यांत सापडला. ॲथॉल ओंडक्याला पाठ टेकून बसलेला होता, पाय पसरून. डोळे उघडे. करवत त्याच्या डाव्या मांडीवर होती. मांडीवर म्हणजे मांडीत. त्याच्या तपकिरी विजारीला मोठं तोंड पडलं होतं आणि त्यातून काहीतरी पांढरं बाहेर आलं होतं. लांब लांब धागे. साखळीला गुंडाळलेले, मांडीभर, गवतावर. शिरा कशा दिसतात हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवत असे. मला वाटलं, ते सगळं त्याच्या आतलं आहे. मी गुडघ्यांवर बसले आणि ते दोन्ही हातांनी परत आत ढकलायला लागले.

ढकलताना लक्षात आलं की माझे हात कोरडे आहेत.

रक्त नव्हतं. कुठेच नव्हतं. मी तपकिरी कापड फाडलं. खाली नारिंगी कापड होतं.

तुझी विजार, केरिन. त्यांनी ती आपल्या विजारीखाली घातली होती. ते मधूनच निघून गेले तेव्हा त्यांची मूठ सैल झाली नाही, उलट आवळली. करवत पूर्ण गळ्याने ओरडत कापातून निघाली आणि पायावर आली, आणि तुझ्या अस्तराचे धागे तिच्या घशात गेले. म्हणून टकटक झाली नाही. ती गुदमरून बंद पडली.

ते परत आले. करवतीकडे बघितलं, भुवया वर केल्या.

"कुणी बंद केली ही?"

"केरिनने," मी म्हटलं.

त्यांनी मग खाली पाहिलं. त्या धाग्यांत बोट घालून बराच वेळ चाचपत राहिले. मांडीवर हाताएवढा काळानिळा डाग उठला आहे, बाकी ओरखडासुद्धा नाही. "अस्तर बरं भरतात हे लोक," एवढंच म्हणाले. मग त्यांचे दात वाजायला लागले आणि मी त्यांना कोटात गुंडाळलं. गाडी मी चालवली. एका बुटात.

घरी त्यांना झोपवून मी शेडमध्ये गेले आणि तो पावसाळी कोट उचलून पाहिला. खाली नुसता खिळा होता. त्या मटणाच्या जेवणानंतर ते रोज कापायला जाताना ती घालत होते आणि मला दिसू नये म्हणून वर कोट अडकवत होते. ते निडर आहेत, बेफिकीर आहेत, असं समजून मी चिडत होते. ते माझ्याइतकेच घाबरलेले होते. आवारात त्या दिवशी मी धावत गेले तेव्हाही ती त्यांच्या अंगावर असणार, आणि ते म्हणाले होते, घर पेटलं का.

मी शब्द मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांच्यासमोर, फोनवर नाव सांगून. ते अडवायला उठले नाहीत. तपासणीला होबार्टला जायचं आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्यांनी बऱ्याच जणांचं थांबतं, पण सगळ्यांचं नाही. गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. मटारचा हंगाम नाही, म्हणून सध्या ते काही सोलत नाहीत.

भीती गेली असं मला लिहिता येत नाही. बोलताना ते शब्द शोधायला थांबले तरी माझ्या हातातलं पडतं. काल वर्तमानपत्र वाचता वाचता थांबले, मी ओरडलेच. म्हणाले, "अगं, वाचतोय!"

आता तुझ्या उत्तराला माझं उत्तर. या घराला चेनसॉ लागते. पोकळ बटाट्यांवर आणि ओल्या जळणावर हिवाळा निघत नाही. पण ती ॲथॉलच्या हातात नको. मी शेडमध्ये ती हातात धरून पाहिली, बंद असताना, आणि मला घाम फुटला, तेव्हा माझ्याही हातात नको. बाबा दोन दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती खोलून बसले आहेत. माझा भुवयांचा चिमटा घेऊन एकेक धागा उपसताहेत. मग साखळी काढली, दातांना कानस मारली, तेल दिलं. पुसून त्या रिकाम्या खिळ्याला अडकवून आले.

वॉली काठ्या टेकत विचारायला आला होता. "जावयाला सांगतो, शनिवारी येऊन उरलेलं झाड कापून टाकेल. त्याला काय, तासाभराचं काम."

"राहू दे," बाबा म्हणाले.

"राहू दे काय? जूनमध्ये काय जाळणार, खुर्च्या?"

"राहू दे म्हटलं ना. ते कापणारं माणूस वेगळं आहे."

वॉलीने माझ्याकडे पाहिलं. मी चहा ओतत राहिले. बाबांनी तुझं नाव घेतलेलं नाही आणि ते घेतील असं मी तुला लिहिणारही नाही. मी फक्त ऐकलं ते लिहिलं.

आता माझा एक प्रश्न, आणि याला दोन ओळींत उत्तर चालणार नाही. तू रोज अशीच करवत घेऊन झाडावर चढतेस. दोराला लटकून, जमिनीपासून वर, त्या शहरात. नऊ वर्षांत मी तुला याबद्दल काही विचारलं नाही. तुझ्याबद्दल मी कान ठेवला नाही, कारण इथून ऐकू येत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. त्या दिवसापासून मला इथे बसून तुझी करवत ऐकू येते. आणि ती मध्येच गप्प होते.

तिथे तुझ्यावर कान कोण ठेवतं? त्याचं नाव लिही. आणि त्याला सांग, आमच्या खोऱ्यातल्या बायकांनी हे चुकीचं पाठ केलं होतं. गप्प झाली म्हणून चहा ठेवायचा नाही. पळायचं.

आई